भीतीला वेळ लागतो

मराठीत दचकणं वेगळं आणि भिणं वेगळं. माळ्यावरून मांजर अंगावर पडलं की माणूस दचकतो, पण त्याला कोणी 'भ्याला' म्हणत नाही. उलट रात्री परसदारी जायचं आहे, हातात कंदील आहे, अंगावर कोणी आलेलं नाही आणि येणारही नाही, तरी पाय उंबरठ्याबाहेर पडत नाही. त्याला भिणं म्हणतात. दचकायला क्षण पुरतो. भीतीला वेळ लागतो. बासुंदीसारखी ती मंद आचेवर आटवावी लागते, आणि आटवणाऱ्याला घाई असून चालत नाही.

आपल्या भयकथाकारांना हे नेमकं ठाऊक होतं. नारायण धारप पुण्याचेच. त्यांच्या गोष्टींत भूत दिसण्याआधी वाडा दिसतो. त्याचा जिना, त्याची कुलूपबंद खोली, आणि त्या खोलीविषयी घरातल्या माणसांचं अवघडलेलं मौन. रत्नाकर मतकरींच्या कथेत तर पुष्कळदा भूत नसतंच. असते ती शेजारच्या घरातली, नेहमीच्या ओळखीची वाटणारी एखादी व्यक्ती. पुढे १९९३ साली 'झी हॉरर शो' घराघरांत आला आणि भीतीचं काम दाराच्या करकरण्यावर, किंकाळीवर आणि रबरी मुखवट्यांवर आलं. आम्ही तोही आवडीने पाहिला, पण पाहून झाल्यावर हसू यायचं. धारप वाचून झाल्यावर हसू येत नसे. दिवा कोणी मालवायचा यावर भावंडांत भांडण होत असे.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे एक संगणकावरचा खेळ. माझं वय आता अशा खेळांचं नाही आणि कधी नव्हतंही. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या पौडच्या घरी चार दिवस तो खेळला गेला, चार वेगवेगळ्या वयांच्या माणसांनी त्यावर चार मतं दिली, आणि ती मतं ऐकताना मला भीतीविषयी आणि आमच्या या मुळशी तालुक्याविषयी काही गोष्टी नव्याने कळल्या. त्या वाचकांपुढे ठेवाव्यात म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी खेळाविषयी. संगणकावरचे खेळ म्हटले की आपल्यापुढे बंदुका, मोटारी आणि फुटबॉल येतात. पण त्या गोंगाटात एक शांत घराणंही पहिल्यापासून नांदतं आहे. त्याचं मूळ १९८० सालात. अमेरिकेत रॉबर्टा आणि केन विल्यम्स या नवराबायकोने 'मिस्टरी हाउस' नावाचा खेळ काढला. काळ्या पडद्यावर रेघांनी काढलेलं एक घर, आणि 'दार उघड', 'वर जा' असे हुकूम टंकून त्यातल्या खुनांचा छडा लावायचा. चित्रं दाखवणारा हा अशा प्रकारचा पहिला खेळ मानतात. पुढे माउस आला आणि टंकण्याचं काम संपलं. दारावर बाण न्यायचा, टिचकी मारायची, दार उघडतं. खणावर टिचकी मारली की खण उघडतो, आतल्या पत्रावर मारली की पत्र वाचता येतं. १९८७ च्या 'मॅनिअॅक मॅन्शन'ने ही टिचकी रुळवली. १९९३ साली 'मिस्ट' आणि 'सेव्हन्थ गेस्ट' हे दोन खेळ आले, आणि ते खेळता यावेत म्हणून लोकांनी सीडी-रॉमचे ड्राइव्ह विकत घेतले. १९९५ मध्ये त्याच रॉबर्टाबाईंचा 'फँटॅस्मागोरिया' आला. तो तर सात सीडींवर होता. घर मात्र तेच: एकटं, मोठं, आणि पूर्वी तिथे काय झालं ते न सांगणारं.

आमच्या घरी खेळला गेला तो या घराण्यातला जरा उशिराचा वंशज. नाव 'स्क्रॅचेस', म्हणजे ओरखडे. २००६ साली तो आला अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्स शहरातून. अगुस्तिन कोर्देस आणि अलेहान्द्रो ग्राझियानी या दोघांनी काढलेल्या एका चिमुकल्या कंपनीने तो बनवला. गोष्ट साधी आहे. साल १९७६. मायकेल नावाचा एक भयकथालेखक इंग्लंडच्या उत्तरेला, नॉर्थम्बरलंड भागात, एक जुनं घर घेतो आणि अर्धवट राहिलेली कादंबरी पुरी करायला टंकयंत्र घेऊन तिथे मुक्कामाला येतो. घराच्या आधीच्या मालकाविषयी बऱ्यावाईट गोष्टी कानावर येतात. दिवस जुनी पत्रं, फोटो आणि कुलपं यांत जातो. रात्री घराच्या पोटातून कुठूनतरी ओरखड्यांचा आवाज येतो. एवढंच. शेवट सांगणार नाही. काही सभ्यता भयकथेलाही पाळाव्या लागतात.

खेळातली चित्रं स्थिर आहेत. एका जागी उभं राहून चहूकडे मान वळवता येते, टिचकी मारली की पुढच्या जागी पोचतो. पडद्यावर आपल्याखेरीज माणूस दिसत नाही. मित्राचा आवाज येतो तो फोनवरून. कोणी पाठीस लागत नाही, हाती शस्त्र नाही. आहे ते एवढंच: घड्याळ, लाकूड, वारा, आणि आपण.

आता जागेविषयी. पुण्याहून चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट करत पौडला आलं की पुढे रस्ता मुळशी धरणाच्या काठाकाठाने ताम्हिणी घाटाकडे जातो. जून ते सप्टेंबर हा सगळा भाग ढगांत असतो. ढगांखाली नव्हे, ढगांत. आवणीच्या दिवसांत खाचरातला माणूस बांधावरून दिसत नाही, नुसतं इरलं हलताना दिसतं. पलीकडे पिंपरीहून खाली भिऱ्याकडे उतरणारं जे जंगल आहे त्याचं नावच अंधारबन. नाव ठेवणाऱ्याने अतिशयोक्ती केलेली नाही. भर दुपारी तिथे संध्याकाळ असते. ह्याच तालुक्यात दुसऱ्या टोकाला हिंजवडी आहे, जिथे काचेच्या इमारतींत रात्रभर दिवे जळतात. एकाच तहसील कचेरीच्या हद्दीत अंधारबनही आहे आणि आयटी पार्कही. आमच्या घरातही तसंच: पुतण्या हिंजवडीत संगणकाच्या नोकरीत, आणि माझी आत्या, वय वर्षे चौऱ्याऐंशी, धरणाच्या काठच्या गावातून दुखऱ्या गुडघ्यामुळे पावसाळ्यापुरती आमच्याकडे आलेली.

खेळ पुतण्यानेच आणला. कॉलेजात असताना घेतलेली सीडी त्याने जपून ठेवली होती. 'काका, पाऊस थांबणार नाही, रस्ता बंद आहे, आता हाच उद्योग,' म्हणून त्याने जुना संगणक माजघरात मांडला. पुण्याहून माझी भाची आली होती, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असलेली. शेजारचा बारा वर्षांचा मुलगा वास लागल्यासारखा हजर झाला. आत्या तिच्या खुर्चीत होतीच.

पहिल्या दिवशीचं पुतण्याचं मत अगदी स्वच्छ होतं: 'यात काही घडतच नाही.' त्याला सवय बंदुकीच्या खेळांची. दर अर्ध्या मिनिटाला कोणीतरी उडी मारून समोर यावं, आपण त्याला लोळवावं, पुढे जावं. इथे तो तासभर खण उघडत आणि बंद करत बसला. शिवाय एक तक्रार त्याने हिशेबाने मांडली. या खेळात वेळ आपोआप पुढे सरकत नाही. ठरावीक गोष्टी तुम्ही केल्या तरच संध्याकाळ होते. त्यातली एक राहिली तर दुपार संपतच नाही. एखादी किल्ली कोपऱ्यात अशी बारीक ठेवलेली असते की डोळे फुटेपर्यंत शोधावी. 'हे भय नाही काका, ही तर सरकारी कचेरी झाली. एक कागद कमी, म्हणून फाइल पुढे नाही.' या तक्रारीत तथ्य आहे. अशा खेळांचे जाणकारही 'स्क्रॅचेस'मध्ये हाच दोष काढतात, आणि ज्यांना तो खटकतो ते पहिल्याच दिवशी खेळ सोडून देतात.

पण दुसऱ्या रात्री सगळे झोपल्यावर पुतण्या एकटाच कानाला हेडफोन लावून बसला. सकाळी चहाला आला तो जरा गप्प. मग म्हणाला, 'बाकीच्या खेळांत मी मेलो की पुन्हा पहिल्यापासून. दहा वेळा मेलं की मरणाची भीती जाते. इथे मरण असं येतच नाही, म्हणून भीतीही जात नाही. साठत जाते.' माझ्या मते या खेळावरचं हे उत्तम परीक्षण आहे. आधीच्या दिवशी ज्या मंदपणाला त्याने दोष दिला, त्याच मंदपणाने रात्री त्याला धरलं. फरक पडला तो एकटेपणाचा आणि आवाजाचा. दिवसा माजघरात कुकरच्या शिट्टीत ते ओरखडे ऐकूच येत नव्हते.

भाचीची तऱ्हा निराळी. तिने पहिल्याच तासात एक दोनशे पानी वही घेतली आणि त्या घराचा नकाशा काढायला बसली. खालचा मजला, वरचा मजला, कुठलं दार कुठे उघडतं, कुठल्या दाराला कुलूप. पत्रांतल्या तारखा एका पानावर, माणसांची नाती दुसऱ्या पानावर. तिला किल्ल्या शोधण्याचा कंटाळा नव्हता. तिला त्या घरातल्या माणसांचं काय झालं ते हवं होतं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, 'मामा, घर ओळखीचं झालं की भीती कमी व्हायला हवी ना? इथे वाढते. कारण आता कुठली खोली बघायची राहिलीय ते कळतं.'

तिचं हे वाक्य मी बराच वेळ घोळवत होतो. सिनेमा आणि हा खेळ यांतला फरकच त्यात आहे. सिनेमात नायिका मेणबत्ती घेऊन तळघराकडे निघाली की आपण मनात ओरडतो, 'नको जाऊस!' ती जाते, आपण डोळे मिटतो, आणि आपल्या मिटल्या डोळ्यांपुढून प्रसंग निघून जातो. या खेळात डोळे मिटले तर काहीच होत नाही. तळघराचं दार तसंच बंद राहतं आणि वाट पाहतं. ते उघडायचं तर आपल्याच बोटाने टिचकी मारायची. भिणाराही तूच आणि भीतीच्या दारात पाऊल टाकणाराही तूच, असा हा मामला आहे. वाचकाला किंवा प्रेक्षकाला जी पळवाट असते ती खेळणाऱ्याला नसते.

शेजारच्या मुलाचं मत ऐकण्यासारखं होतं. त्याच्या आईने अट घातली होती, फक्त दिवसा आणि फक्त मोठ्यांबरोबर. दोन दिवस तो एकच प्रश्न विचारत होता, 'भूत कधी येणार?' शेवटी वैतागून म्हणाला, 'दिसलं असतं तर बरं झालं असतं. कसंय ते तरी कळलं असतं.' त्या रात्री त्याने आईला ओटीवरचा दिवा चालू ठेवायला सांगितला, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

या ठिकाणी घरात लहान मुलं असलेल्या वाचकांसाठी दोन शब्द. खेळांमुळे मुलं बिघडतात का, हा वाद जुनाच आहे. १९९३ च्या अखेरीस अमेरिकेच्या सिनेटमध्ये 'मॉर्टल काँबॅट' आणि 'नाइट ट्रॅप' या खेळांवरून गरमागरम सुनावणी झाली, आणि त्यातून १९९४ साली खेळाच्या खोक्यावर वयाची खूण छापणारं मंडळ अस्तित्वात आलं. युरोपात तशी व्यवस्था २००३ पासून आहे. ती खूण बघावी हे तर खरंच. पण खुणेपेक्षा त्या आईची अट मला शहाणपणाची वाटली. आमच्या लहानपणी भुताच्या गोष्टी आजी सांगायची, आणि सांगताना आमचं डोकं तिच्या मांडीवर असायचं. भीती आणि मांडी एकाच वेळी मिळत असे. आज मुलाला भीती मिळते ती बंद खोलीत, कानात हेडफोन घालून. खेळ काढून घेण्याआधी शेजारी मांडी उपलब्ध आहे का, हे आधी पाहावं.

आता आत्याकडे वळतो.

आत्याला वाचता येतं ते पोथीपुरतं, आणि इंग्रजीचा संबंध नाही. पण ती चारही दिवस पडद्याकडे टक लावून होती आणि तिचे प्रश्न कोणाही समीक्षकाला लाजवतील असे. 'हा माणूस एकटा कशापायी राहतोय? बायको-पोरं न्हाईत का?' 'घर घेतलं तर वास्तुशांत केली का?' 'एवढं मोठं घर, आन् चुलीला जाळ न्हाई. मग येणारच की नको ते राहायला.' भाचीने पत्रं मराठीत करून सांगितली तेव्हा ती म्हणाली, 'आधीच्या मालकाचं काय झालं ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना का इचारत न्हाई? गावात कुणी तरी बोललंच असतं.' खेळात शेजारी नाहीत, असं सांगितल्यावर तिने मान हलवली. 'शेजार न्हाई, हेच भ्या वाटायचं कारण.'

तिसऱ्या दिवशी खेळ अडला. दुपार काही संपेना. पुतण्या आणि भाची दोघं मिळून प्रत्येक खोलीत पुन्हा पुन्हा जात होती, तेच खण, तीच कपाटं. बराच वेळ असा गेल्यावर आत्या म्हणाली, 'चकवा लागलाय तुम्हाला.'

चकवा काय ते शहरातल्या मुलांना सांगायला हवं. आमच्याकडे रानात एकट्यादुकट्याला चकवा लागतो. ओळखीची वाट असते, पण माणूस चालत चालत त्याच झाडापाशी परत येतो, रात्रभर. त्यावर उपाय म्हणजे चालणं थांबवणं. बसायचं, पाणी प्यायचं, उजाडेपर्यंत जागा सोडायची नाही. आत्याने तोच उपाय सांगितला. संगणक बंद झाला, दोघं जेवून झोपली. सकाळी भाचीला आधी दहा वेळा पाहिलेल्या कपाटातली एक वस्तू पहिल्याच नजरेत दिसली, आणि संध्याकाळ झाली. हल्ली अशा अडलेल्या खेळांची उत्तरं तयार मिळतात, पुतण्या ती शोधायलाच निघाला होता. चकव्याचा उपाय स्वस्त पडला.

त्या संध्याकाळी घरातले दिवेही गेले. बाहेर पाऊस, आत एक मेणबत्ती. भाची मेणबत्तीपाशी वही उघडून नकाशात नवी खोली भरत होती. आत्याने विचारलं, 'काय काढतीयास?' घर, असं ऐकल्यावर थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, 'आमच्या सासूबाईंचं पण असं घर होतं. त्यांच्या माहेराचं. पाण्यात गेलं.'

इथे वाचकांना थोडा इतिहास सांगितला पाहिजे. मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमाजवळ मुळशीचं धरण झालं ते मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज हवी म्हणून. पाणी इथे अडवायचं, सह्याद्रीचा कडा उतरवून कोकणात भिऱ्याला न्यायचं आणि तिथे वीज करायची, अशी योजना. त्यात मावळातली पन्नासच्या आसपास गावं आणि त्यांची भातखाचरं जाणार होती. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे पुढारी. बापटांना 'सेनापती' ही पदवी लोकांनी दिली ती याच लढ्यात. धरणाविरुद्ध लोकांनी केलेल्या जगातल्या सुरुवातीच्या लढ्यांपैकी हा एक. बायाबापड्याही त्यात तुरुंगात गेल्या. पण जमिनीचे सावकार मोबदला घ्यायला तयार झाले आणि कसणारे उघडे पडले. १९२४ च्या डिसेंबरात लढा संपला, रेल्वे अडवल्याच्या खटल्यात सेनापती बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ साली भिऱ्याची वीज सुरू झाली. पुस्तकात हे एवढंच असतं.

आत्याच्या सासूबाई तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या. पुढे त्यांचं लग्न काठावरच्याच एका गावात झालं. सणाला सगळ्या सुना माहेरी जायच्या. त्या तळ्याच्या काठाला जायच्या. 'वैशाखात पाणी उतरलं की जोत्याचे दगड उघडे पडायचे,' आत्या सांगत होती. 'मला घेऊन जायच्या. उभ्या राहून बोट दाखवायच्या. ती पायरी. तिच्यावर ओटी. ओटीवरून आत आलं की डाव्या हाताला माजघर, उजवीकडे देवघर, मागं गोठा, गोठ्यात दोन बैलं आन् एक म्हस. गोठ्याच्या मागं फणस. मला सगळं घर पाठ झालं, कधी आत पाऊल न टाकता.' मग म्हणाली, 'घरात भूत असतं म्हणत्यात. आमच्या सासूबाईंना घरच भूत झालं होतं.'

कोणी काही बोललं नाही. भाचीने वहीचं पान उलटलं आणि कोऱ्या पानावर पायरी काढली. 'आजी, देवघराचं दार कुठल्या बाजूला?' आत्या सांगत गेली. पाऊण तासात मेणबत्तीच्या उजेडात एक घर कागदावर उभं राहिलं, जे जवळजवळ शंभर वर्षं पाण्याखाली आहे. मी या घरचा मुलगा, साठी उलटलेला. आत्या माझी लाडकी. पण हे घर मी त्या रात्रीपर्यंत ऐकलेलं नव्हतं. तिला ते कोणी विचारलंच नव्हतं, कारण आमच्याकडे इतिहास विचारायचा तो सेनापतींचा आणि किल्ल्यांचा. फणस कुठे होता, हे विचारायचं सुचायला एक परदेशी खेळ यावा लागला.

म्हणून मला वाटतं, अशा खेळात भुतापेक्षा घराला महत्त्व असतं. कोणीतरी इथे राहत होतं, आता नाही, आणि त्यांच्या वस्तू बोलतात: ही या सगळ्या प्रकाराची मूळ कल्पना. २००२ साली इंग्लंडच्या जोनाथन बोक्सने जवळजवळ एकट्याने बनवलेला 'डार्क फॉल' घ्या. तिथे ओसाड रेल्वे स्टेशन आणि त्याला लागून असलेलं हॉटेल आहे. परक्याच्या ओसाड घराची आपल्याला भीती वाटते. आपल्याच ओसाड घराचं दुःख होतं. दोन्हींचं दार एकच.

भीतीचा आणखी एक उपयोग आमच्या तालुक्याला माहीत आहे, तो देवराईचा. मुळशीत गावोगाव देवीच्या नावाने राखलेली रानं आहेत. देवराईतली वाळकी काटकीसुद्धा घरी आणायची नाही; आणली तर देवी कोपते. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या अशा देवरायांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं, की आजूबाजूचे डोंगर उघडे पडले तरी या राया टिकल्या होत्या. कायद्याने जे राखता आलं नाही ते भीतीने राखलं. ती भीतीही दचकवणारी नव्हती. पिढ्यान् पिढ्या मंद आचेवर आटवलेली होती. आता आमच्याकडे जमिनीचे भाव वाढले, डोंगर विकले गेले. २०१८ च्या 'मुळशी पॅटर्न' या चित्रपटाने जमीन गेलेल्या घरातल्या पोरांचं पुढे काय होतं ते महाराष्ट्राला दाखवलं. देवीला न भिणारा माणूस आला की त्याच्यामागून बुलडोझर येतो. सगळ्याच भीती घालवण्यासारख्या नसतात.

चौथ्या दिवशी खेळ संपला. शेवटावर मतं पडली ती दोन. पुतण्याला वाटलं, इतकी वाट पाहायला लावल्यावर शेवट आणखी मोठा हवा होता. भाचीला वाटलं, नेमका झाला. शेवटी भीतीपेक्षा कीवच जास्त आली. आत्याला आम्ही गोष्ट समजावून सांगितली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, 'येळेवर कुणी इचारलं असतं, तर एवढं झालं नसतं.' मी तिघांचीही मतं मान्य करतो, आणि आत्याचं जरा जास्त.

या खेळाच्या कर्त्यापैकी कोर्देसने पुढचा खेळ 'असायलम' करायला घेतला, २०१३ साली लोकांकडून वर्गणी मागितली, आणि तो खेळ यायला २०२५ उजाडलं. ज्यांनी वर्गणी दिली ते थांबले. मंद आचेचा धंदा असा असतो. आपल्या पुण्यातही खेळ बनवणारे आहेत. 'नॉडिंग हेड्स' या पुण्याच्याच मंडळींनी २०२० साली 'राजी' नावाचा खेळ काढला, आपल्या पुराणांच्या वातावरणातला, आणि तो जगभर खेळला गेला. तेव्हा मुळशीच्या पाण्याखालच्या एखाद्या घराचा खेळ व्हायला तांत्रिक अडचण काही नाही. वैशाखात उघडी पडणारी पायरी, ओटी, माजघर, देवघर, आणि प्रत्येक खोलीत ठेवून गेलेली एकेक वस्तू. तो मराठीत असेल तर आत्याही टिचकी मारील.

पण त्यासाठी घराचा नकाशा हवा, आणि तो ज्यांना पाठ आहे त्या आता फार थोड्या उरल्या आहेत. ज्यांनी घरं पाहिली त्या गेल्या. ज्यांनी त्या पाहणाऱ्यांकडून ऐकलं, त्या ऐंशीच्या पुढे आहेत. मुळशीच नव्हे, पानशेत, कोयना, उजनी, कुठलंही धरण घ्या. महाराष्ट्रात अशा पुष्कळ आज्या आणि आत्या आहेत. या पावसाळ्यात रस्ते बंद होतील, दिवे जातील, मुलं कंटाळतील. तेव्हा मेणबत्ती लावा, एक वही घ्या आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एकच प्रश्न विचारा: तुमच्या जुन्या घराचं दार कुठल्या दिशेला होतं? उत्तर लगेच येणार नाही. बसून राहा.